सायकलच्या चाकातली तारांची तिरकी जाळी शेतातून पळून गेलेल्या एका पोराने विणली

सायकलच्या दुकानात चाकाचा आऊट काढताना कधी नीट बघितलंय का?

दुकानदार सायकल उलटी करतो, चाक गरगर फिरवतो आणि चिमट्याला टेकवून एक खडू रिमच्या जवळ धरतो. जिथे रिम वाकडी आहे तिथे खडूची रेघ उठते. मग तो स्पोकची चावी घेतो, तिथला एक निप्पल पाव आटा आवळतो, शेजारचा पाव आटा ढिला करतो, पुन्हा चाक फिरवतो. दहा-पंधरा मिनिटांत डुलणारं चाक सरळ पळायला लागतं.

यात आपल्याला काही विशेष वाटत नाही. पण एका वेळी एकच तार आवळून अख्खं चाक सरळ करता येतं, ही सोय चाकात आपोआप आलेली नाही. ती येण्याआधी पोलादी तारांची चाकं होती, पण त्यातल्या काहींमध्ये एक तार ढिली झाली तर तेवढीच आवळायची काही सोय नव्हती.

ही भानगड ज्याने सोडवली त्याचं नाव जेम्स स्टार्ले. इंग्लंडमध्ये त्याला सायकल उद्योगाचा जनक म्हणतात. आणि गडी मुळात इंजिनिअर नव्हता, माळी होता.

जेम्सचा जन्म १८३० चा. इंग्लंडच्या दक्षिणेला ससेक्स भागात अल्बर्न नावाचं गाव आहे, तिथल्या एका शेतकऱ्याच्या घरातला. नवव्या वर्षी तो बापाबरोबर शेतात राबायला लागला. शेतीत त्याचं मन काही रमलं नाही, मन रमायचं ते खटपटीत. छत्रीची एक काडी आणि झाडाची फांदी वापरून त्याने उंदीर पकडायचा सापळा बनवला होता, असं त्याच्याबद्दल सांगितलं जातं.

ऐन पोरवयात तो घरातून पळाला आणि लंडनजवळच्या लुईशॅमला पोहोचला. तिथे त्याला जॉन पेन यांच्या बागेत हाताखालचा माळी म्हणून काम मिळालं. हे पेन साधे असामी नव्हते. जहाजांची वाफेची इंजिनं बनवणारा त्यांचा कारखाना तेव्हा नावाजलेला होता.

दिवसा बाग आणि उरलेल्या वेळात लोकांची घड्याळं दुरुस्त करणं, असा जेम्सचा दिनक्रम सुरू झाला.

तर झालं असं की, पेनसाहेबांनी बायकोसाठी शिलाई मशीन आणलं. त्या काळात शिलाई मशीन म्हणजे महागडी आणि दुर्मीळ वस्तू. ती बिघडली. इंजिनाच्या कारखानदाराच्या घरात बिघडलेलं यंत्र उघडलं कोणी, तर माळ्याने. जेम्सने ते नुसतं चालू केलं नाही, ते आणखी चांगलं कसं चालेल तेही दाखवलं.

पेन यांची ओळख होती जोसाया टर्नर यांच्याशी. शिलाई मशीन बनवणाऱ्या कंपनीत टर्नर भागीदार होते. १८५९ च्या सुमारास जेम्सने खुरपं खाली ठेवलं आणि तो लंडनच्या कारखान्यात कामाला लागला. दोन-एक वर्षांत टर्नर आणि स्टार्ले या जोडीने लंडन सोडलं आणि कॉव्हेन्ट्री गाठून स्वतःची शिलाई मशीनची कंपनी काढली.

आता कॉव्हेन्ट्रीच का?

हे शहर रेशमी फिती विणण्यासाठी आणि घड्याळांसाठी ओळखलं जायचं. १८६० मध्ये ब्रिटन आणि फ्रान्सचा व्यापारी करार झाला, फ्रान्सच्या रेशमी मालावरचं आयात शुल्क गेलं आणि कॉव्हेन्ट्रीचा फितींचा धंदा कोसळला. हजारो विणकर बेकार झाले, पोटासाठी लोक शहर सोडून जायला लागले. गिरण्या बंद पडल्यावर आपल्याकडे गिरणगावाचं काय झालं ते ज्यांना माहीत आहे, त्यांना हे चित्र वेगळं समजावून सांगायला नको. म्हणजे बारीक काम करणारे हात भरपूर होते आणि त्यांना काम नव्हतं. शिलाई मशीनच्या कारखान्याला आणखी काय पाहिजे.

सायकल इथे आली १८६८ मध्ये. जोसाया टर्नर यांचा पुतण्या रोली टर्नर पॅरिसमध्ये कंपनीचा माल विकायचा. तिथे त्याने व्हेलॉसिपीड नावाचं दोनचाकी वाहन पाहिलं. पुढच्या चाकालाच पायडल जोडलेलं, चेन नाही, गिअर नाही. ते वाहन घेऊन तो कॉव्हेन्ट्रीला आला आणि त्याने काकांना गळ घातली की आपण ही बनवू, फ्रान्समध्ये मी विकतो. सुरुवातीची मागणी होती ४०० नगांची. कंपनीने होकार दिला आणि १८६९ मध्ये नावातून शिलाई मशीन काढून टाकत कॉव्हेन्ट्री मशिनिस्ट्स कंपनी असं नाव घेतलं.

पुढे १८७० मध्ये फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटलं. फ्रान्सचं गिऱ्हाईक गेलं. आता माल खपवायचा तर इंग्लंडमध्येच खपवायला हवा होता.

पण त्या मालात एक मोठी अडचण होती. चाक.

व्हेलॉसिपीडचं चाक आणि आपल्या बैलगाडीचं चाक यांची जात एकच. मधे तुंबा, त्यातून निघालेले लाकडी आरे, वर लाकडी पाटे आणि त्यावर लोखंडी धाव. अशा चाकात गाडीचं वजन जमिनीकडच्या आऱ्यावर उभं राहतं. म्हणजे आरा खांबासारखं काम करतो, त्याच्यावर दाब पडतो. खांब बारीक केला तर मोडणार, म्हणून तो जाडजूडच ठेवावा लागतो. मग चाक जड होतं. दगडी रस्त्यावर ही गाडी इतकी हादरायची की इंग्रजांनी तिला हाडं खिळखिळी करणारी असं नाव पाडलं होतं.

त्यात अजून एक गोष्ट होती. चेन नसल्यामुळे पायडलचा एक फेरा म्हणजे चाकाचा एक फेरा. वेग वाढवायचा तर चाक मोठं करायचं, दुसरा मार्ग नाही. ५० इंच व्यासाचं चाक एका फेऱ्यात जवळपास ४ मीटर जातं. पण एवढं मोठं चाक बैलगाडीच्या पद्धतीने बनवलं तर ते माणसाच्या पायाने ढकलणार कोण?

उत्तर होतं तार. आता बारीक तार घ्या आणि ती उभी करून तिच्यावर वजन टाका. ती लगेच वाकेल. पण तीच तार दोन्ही बाजूंनी ओढा, ती माणसाचं वजनसुद्धा पेलेल. म्हणून तारांच्या चाकात सगळ्या तारा आधीच ताणून ठेवतात. चाकावर वजन आलं की खालच्या तारांचा ताण थोडा कमी होतो, एवढंच. ताण पूर्ण संपत नाही तोवर चाक आपला आकार सोडत नाही. आजच्या चांगल्या चाकात एकेक स्पोक साधारण १०० किलो वजन टांगावं इतक्या ताणात असतो. म्हणजे फक्त २ मिलिमीटर जाडीची तार, आणि तिच्यावर कायम एवढा ताण.

ही कल्पना स्टार्लेच्या डोक्यातून पहिल्यांदा निघाली का? तर नाही, आणि हे स्पष्ट सांगायला हवं. विमानाची स्वप्नं बघणाऱ्या जॉर्ज केली यांनी १८०८ मध्येच ताणलेल्या दोऱ्यांच्या हलक्या चाकाचा विचार वहीत मांडून ठेवला होता. पॅरिसच्या युजीन मेयर यांनी १८६९ मध्ये सायकलसाठी तारांच्या चाकाचं पेटंट घेतलं होतं. उंच चाकाच्या सायकलचं श्रेय बरीच वर्षं एकट्या स्टार्लेच्या नावावर होतं, आता अभ्यासक मेयरना त्यांचा वाटा देतात. मला विचाराल तर यात स्टार्लेचं काही कमी होत नाही. कारण त्याचं खरं काम पुढे आहे.

१८७० मध्ये स्टार्ले आणि त्याचा सहकारी विल्यम हिलमन या दोघांनी मिळून एरियल नावाच्या सायकलचं पेटंट घेतलं. पुढे उंच चाक, मागे छोटं चाक, सांगाडा सगळा धातूचा आणि चाकात तारा. जुन्या चित्रांत हॅट घातलेला साहेब ज्या उंच सायकलवर बसलेला दिसतो, तोच हा प्रकार. जाहिरातीसाठी म्हणा किंवा हौस म्हणून, हे दोघे एका दिवसात लंडनहून कॉव्हेन्ट्रीपर्यंत सायकलने आले. अंतर सुमारे दीडशे किलोमीटर, आणि स्टार्ले तेव्हा चाळिशीचा, अंगाने चांगलाच भरलेला माणूस. त्यानंतर दोघांचं अंग किती दिवस दुखत होतं याचे किस्से कॉव्हेन्ट्रीत बरीच वर्षं सांगितले जायचे.

एरियलच्या चाकात तारा हबपासून रिमपर्यंत सरळ जायच्या, सूर्याच्या किरणांसारख्या. त्या ताणायची युक्ती अशी होती की हबला एक आडवा दांडा जोडलेला आणि त्याच्या टोकांकडून रिमकडे जाणाऱ्या दोन तारा. त्या दोन तारा आवळल्या की हब रिमच्या तुलनेत किंचित फिरायचा आणि बाकीच्या सगळ्या तारा एकदम ताणल्या जायच्या.

ऐकायला भारी आहे, पण अडचण इथेच होती. सगळ्या तारा एकदम ताणल्या जायच्या. चाक एकाच जागी वाकडं झालं, एकच तार सैल पडली, तर तिला एकटीला आवळायचं कसं? तबल्याचे सगळे गट्टे एकाच फटक्यात खाली सरकवून तबला सुरात आणण्यासारखा हा प्रकार.

यावर दुसऱ्या कारागिरांनी वेगळी वाट काढली होती. सरळ तारेच्या टोकाला आटे पाडायचे आणि ती थेट हबमध्ये स्क्रूसारखी पिळायची. मग एकेक तार वेगळी आवळता येते. पण सरळ तारेची एक मूळ कमजोरी आहे. उंच सायकलमध्ये पायडल थेट पुढच्या हबला असतात. पायाचा जोर लागला की हब फिरायला बघतो, पण रिम जमिनीला टेकलेली असल्यामुळे मागे राहते. हबमधून काटकोनात सरळ निघालेली तार या पिळाला अडवूच शकत नाही, आधी हब थोडा पिळला जातो, तार तिरकी होते आणि मगच ओढ लागते. प्रत्येक पायडलला हे होत राहिलं की तार हबजवळ वाकून वाकून शेवटी तुटते. आणि तुटली की तिचं आटे पाडलेलं टोक हबमध्ये अडकून बसतं. ते बाहेर काढणं म्हणजे वेगळीच कटकट.

स्टार्लेने काय केलं, तर तार हबच्या मध्यातून सरळ काढायचं सोडून दिलं. ती हबच्या कडेला घासून निघाल्यासारखी तिरकी काढली. काही तारा पुढे झुकलेल्या, काही मागे, एकमेकींना छेद देत जाणाऱ्या. आता पायडलवर जोर दिला की पुढच्या बाजूने ओढणाऱ्या तारा रिमला थेट खेचतात, आणि उलट्या बाजूच्या तारा हबला मागे पिळू देत नाहीत. वेगळा दांडा नको, ताणाच्या वेगळ्या तारा नकोत. जी तार चाकाचा आकार धरते, तीच पायाचा जोर रिमपर्यंत पोहोचवते.

या तिरक्या तारांच्या चाकाचं पेटंट १८७४ चं. आज जगातल्या बहुतेक सायकलींच्या चाकात याच जातीची जाळी आहे. आपल्याकडच्या दणकट काळ्या सायकलीला पुढे ३२ आणि मागे ४० स्पोक असतात, तेही असेच एकमेकांना छेद देत जातात.

इथे थोडं दुकानाच्या ओट्यावर परत येऊ. कारण तिरकी तार म्हटलं की लांबीचा हिशेब आला.

हब आणि रिम यांच्यातलं सरळ अंतर कुणीही पट्टीने मोजेल. पण तार तिरकी गेली की तिची लांबी वाढते, आणि ती किती तारांना छेद देऊन जाते त्यावर किती वाढेल ते ठरतं. हब बदलला की लांबी बदलली. रिम दुसऱ्या कंपनीची घेतली तरी लांबी बदलली. चाक नव्याने विणताना दोन-तीन मिलिमीटरची चूकसुद्धा महागात पडते. स्पोक लांब असेल तर त्याचं टोक निप्पलच्या डोक्यातून वर येऊन ट्यूबला भोक पाडतं, किंवा आटे संपतात आणि तार ढिलीच राहते. आखूड असेल तर निप्पल दोन-चार आट्यांवरच लटकतो आणि एखाद्या खड्ड्यात निसटतो.

मग मापाचा स्पोक मिळाला नाही तर काय करायचं? लांब स्पोक घ्यायचा, हवा तेवढा कापायचा आणि टोकाला नवे आटे पाडायचे. यातही दोन पद्धती आहेत. एकात डाय फिरवून धातू खरवडून आटे काढतात. त्यात तार आट्यांच्या खाचेत बारीक होते, आणि ताणातली तार सगळ्यात आधी तिथेच तुटते. दुसऱ्या पद्धतीत कडक रूळांमध्ये तार दाबून फिरवतात. धातू कापला जात नाही, दाबला जातो. खाचेतला धातू वर सरकून आट्याचा उंचवटा बनतो, म्हणून आट्यांच्या जागी स्पोक मूळ तारेपेक्षा किंचित जाड लागतो. विश्वास बसत नसेल तर एखादा सुटा स्पोक घ्या आणि आट्यांच्या भागावरून चिमटीत बोट फिरवून बघा. कारखान्यात बनलेल्या स्पोकचे आटे असे दाबूनच पाडलेले असतात, आणि नव्याने आटे पाडायचे तर जाणकार मिस्त्री याच पद्धतीचं यंत्र शोधतात.

तर मुद्दा असा की स्टार्लेचं चाक दुरुस्त करता येणारं चाक होतं. एक तार तुटली तर तेवढी एकच बदला. आयुष्याची सुरुवात दुसऱ्यांची घड्याळं आणि शिलाई मशीन उघडून करणाऱ्या माणसाकडून हे आलं, यात मला तरी नवल वाटत नाही.

पण त्याची सगळी डोकी चालली असंही नाही. १८७४ च्याच सुमारास त्याने बायकांसाठी उंच सायकल काढली. त्या काळच्या लांब झग्यात बसता यावं म्हणून बैठक आणि दोन्ही पायडल एका बाजूला. म्हणजे घोड्यावर एका अंगाने बसतात तसं, पण दोन चाकांवर. ती चालवणं किती अवघड असेल याची कल्पना करा. ती चाललीही नाही.

तसं पुरुषांसाठीही उंच सायकल धोक्याचीच होती. चाकासमोर दगड आला की बसणारा थेट तोंडावर जायचा. तरुण, धाडसी पोरं सोडली तर बाकीच्यांनी तिच्याकडे लांबूनच बघितलं. म्हणून स्टार्लेने तीनचाकीकडे मोर्चा वळवला.

तिथला किस्सा भन्नाट आहे. दोघांनी शेजारी बसून चालवायच्या गाडीवर स्टार्ले आणि त्याचा मुलगा विल्यम फिरायला निघाले. पोरगा तरणाबांड, त्याच्या बाजूचं चाक जोरात फिरायला लागलं, गाडी फिरली आणि बापलेक रस्त्याकडेच्या खाजऱ्या झुडपात जाऊन पडले, असं सांगतात. दोन्ही चाकांना जोर मिळाला पाहिजे, पण वळणावर दोन्ही वेगवेगळ्या वेगाने फिरलीही पाहिजेत, यावर स्टार्लेने दातेरी चाकांची जुळणी काढली आणि १८७७ मध्ये पेटंट घेतलं. हे म्हणजे डिफरेन्शियल. फ्रान्समध्ये पेक्यूर यांनी ते वाफेच्या गाडीसाठी १८२७ मध्येच काढलं होतं, पण माणसाच्या पायाने चालणाऱ्या गाडीत ते रुळवलं स्टार्लेने. आज रिक्षापासून ट्रकपर्यंत सगळ्यांच्या मागच्या आसावर हेच तत्त्व काम करतं.

या तीनचाकीचं नाव साल्वो. १८८१ मध्ये खुद्द व्हिक्टोरिया राणीने दोन साल्वो मागवल्या आणि तिचं नावच रॉयल साल्वो पडलं. राणीने घेतली म्हटल्यावर उमराव मंडळी मागे कशी राहतील? बायकाही त्या चालवायला लागल्या. शेतातून पळून आलेल्या माळ्याची गाडी राजवाड्यात पोहोचली.

पण जून १८८१ मध्ये स्टार्ले गेला. कर्करोगाने. वय अवघं ५१.

ज्याला आज आपण सायकल म्हणतो, ती त्याने पाहिलीच नाही. तिला अजून चार वर्षं होती. त्याचा पुतण्या जॉन केम्प स्टार्ले काकाकडे काम शिकायला कॉव्हेन्ट्रीत आला होता. १८८५ मध्ये त्याने रोव्हर नावाची सायकल आणली. दोन्ही चाकं जवळपास सारख्या उंचीची, पायडल मधे आणि चेनने फिरणारं मागचं चाक. चेनमुळे वेगासाठी चाक मोठं करायची गरजच संपली. काकाने ज्या उंच चाकावर नाव कमावलं, ते चाक पुतण्याने काही वर्षांत मोडीत काढलं. तिरक्या तारा मात्र राहिल्या. रोव्हर इतकी गाजली की पोलिश भाषेत आजही सायकलला रोव्हरच म्हणतात.

स्टार्लेच्या मुलांनी बापाचा धंदा पुढे चालवला. एरियलमधला त्याचा जोडीदार हिलमन पुढे मोटारींकडे वळला आणि हिलमन कार निघाली. रोव्हर कंपनीही सायकलवरून मोटारींवर आली, १९४८ मध्ये तिने लँड रोव्हर काढली, आणि अनेक मालक बदलत २००८ मध्ये हा लँड रोव्हर ब्रँड जॅग्वारसकट मुंबईच्या टाटा मोटर्सकडे आला. जॅग्वार लँड रोव्हरचं मुख्यालय आजही कॉव्हेन्ट्रीतच आहे.

त्याच शहरात ग्रेफ्रायर्स ग्रीन नावाच्या हिरवळीवर जेम्स स्टार्लेचं स्मारक उभं आहे. तो गेल्यानंतर तीन वर्षांत, १८८४ मध्ये, ते उभारलं गेलं. रोव्हर तेव्हा अजून रस्त्यावर आलेली नव्हती.